जबाबदार कर्मचारी

"शेवटचा परिच्छेद वाचा, अनंतराव," वैद्य साहेब म्हणाले. "जरा मोठ्यानं."

अनंतराव बोरीकरांनी चष्मा वर सरकवला. निकाल सोळा पानांचा होता, इंग्रजीत. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं उभी रेघ ओढलेली होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि दोन ओळींनंतर आपोआप मराठीत सांगू लागले, तेहतीस वर्षांच्या सवयीनं. याचिकाकर्त्या लक्ष्मीबाई दत्तराव कदम यांना नवऱ्याच्या मृत्यूच्या तारखेपासून कुटुंब निवृत्तिवेतन लागू करावं. थकबाकी बारा आठवड्यांत द्यावी. एवढ्या साध्या हक्कासाठी या बाईंना वकील लावावा लागला, तेव्हा वकिलाच्या फीचा खर्च, पावत्या पाहून, अठरा हजारांच्या मर्यादेत खात्यानं द्यावा.

"पुढं," साहेब म्हणाले.

"आणि हा खर्च सरकारी तिजोरीवर न टाकता, चौकशी करून, जबाबदार कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करावा."

"हं. आता हा जबाबदार कर्मचारी कोण, ते मला पेन्शनच्या कागदांबरोबर वर कळवायचंय."

नचिकेत वैद्य हे पाटबंधाऱ्याच्या त्या लहानशा उपविभागात येऊन दीड वर्ष झालेले उपअभियंता. वय पस्तीसच्या आत. नाशिकचे. बोलायला गोड आणि कामाला उरकते. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मी विचार केलाय. बाईच्या नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आपल्याकडं अकरा साली आलं. आवक नोंदवहीत नोंद आहे. मग ते दुसऱ्याच फायलीत गेलं. त्या वेळी आवक टेबलाला कोण होतं?"

"बन्सीधर."

"ते तर गेले ना?"

"एकवीस साली. कोरोनात."

"मग झालं तर. मयत कर्मचाऱ्याकडून वसुली होत नाही. त्यांचं नाव टाकू, खर्च खात्यावर पडेल, फाईल बंद. कुणाचंच नुकसान नाही. तुमचे आठ महिने राहिलेत, अनंतराव. तुमच्याच टेबलाची फाईल होती ती. उगीच कुणी विचारत बसायला नको."

अनंतरावांनी निकाल मिटून टेबलावर ठेवला. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. साहेबांना ते हो वाटलं.

"टिपणी तुम्हीच लिहा," साहेब म्हणाले. "तुमच्यासारखी कुणाला जमत नाही."

ते खरंच होतं. अनंतरावांचं अक्षर आणि त्यांची टिपणी जिल्ह्याच्या कार्यालयापर्यंत माहीत होती. नवा लिपिक लागला की त्याला त्यांच्याकडं बसवायचे. फायलीची दोरी कशी बांधावी, पानांना नंबर कसे द्यावेत, पत्रात 'सबब' कुठं घालावं, हे सगळं ते शिकवायचे. आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. अनंतराव पैसे खात नाहीत. पैसे राहू द्या, कामाला आलेल्या माणसाचा चहासुद्धा घेत नाहीत. घरी पत्नी सुमंगलाबाई पाहुण्यांना हे सांगायच्या तेव्हा ते आत निघून जायचे, पण ऐकत असायचे.

दुपारी त्यांनी टिपणी लिहिली. "तत्कालीन आवक-जावक लिपिक कै. बन्सीधर यांनी सदर प्रतिज्ञापत्र संबंधित शाखेस विहित वेळेत हस्तांतरित केल्याचे दिसून येत नाही." वाक्य चांगलं झालं. कुठंही खोटं नव्हतं, कारण 'दिसून येत नाही' एवढंच म्हटलं होतं.

बन्सीधर हा सदा पान खाणारा, ढगळ शर्टाचा माणूस होता. पण आवक नोंदवहीत त्यानं कधी एक कागद सोडला नाही. त्या प्रतिज्ञापत्राची नोंद त्यानं तारीख, विषय, स्टॅम्पचा नंबर, सगळं घालून केली होती. लक्ष्मीबाईंच्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात ते पान मिळवलं आणि त्या एका ओळीवर बाई केस जिंकल्या. बन्सीधरनं तो कागद त्याच दिवशी अनंतरावांच्या टेबलावर आणून दिला होता. घेतल्याची सही त्या वेळी कुणी करत नसे.

कागदात फार काही नव्हतं. कालव्याचा चौकीदार दत्तराव यानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं होतं, की सेवापुस्तकात माझ्या बायकोचं नाव तानुबाई आहे, ते तिचं माहेरचं नाव. लग्नानंतरचं नाव लक्ष्मीबाई. दोन्ही एकच. पुढं अडचण येऊ नये म्हणून लिहून देतो. खाली अंगठा.

कार्यालयात तेव्हा दोन दत्तराव होते. दत्तराव मुंजाजी कदम आणि दत्तराव मुगाजी कदम. अनंतरावांनी मुंजाजीचा कागद मुगाजीच्या फायलीत लावला. चूक एवढीच. अशी चूक कुणाच्याही हातून होते. त्यांनी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता ते ऐकूही येत नसे.

कारण पुढचं तसं नव्हतं. दत्तराव सतरा साली वारला. बाई अर्ज घेऊन आल्या, आणि अनंतरावांनी नियमाप्रमाणे शेरा मारला, सेवापुस्तकातलं नाव व आधारवरचं नाव जुळत नाही, सबळ पुरावा सादर करावा. बाईंनी सरपंचाचं पत्र आणलं, चालणार नाही. तलाठ्याचं आणलं, चालणार नाही. "कर्मचाऱ्यानं स्वतः लिहून दिलेलं हवं," अनंतराव शांतपणे, आवाज न चढवता सांगायचे. बाई म्हणायच्या, "सायेब, ते तर गेले. आता कुठून लिव्हून देतील?" बाई कोर्टात गेल्या, तेव्हा खात्याचं उत्तरही अनंतरावांनीच लिहून दिलं. असा कोणताही कागद कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. त्यावर तेव्हाच्या साहेबांनी शपथेवर सही केली.

आणि त्यानंतर सहा महिन्यांनी दुसरा दत्तराव रिटायर झाला. त्याची फाईल उघडली आणि तो कागद समोर आला.

अनंतरावांनी तो वाचला. फायलीत होता तिथंच परत लावला. दोरी बांधली.

पाच वर्षांनी कोर्टानं कार्यालयाला आठ दिवसांत शोध घ्यायला सांगितला, तेव्हा त्यांनी तो दहा मिनिटांत काढून दिला. वैद्य साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "याला म्हणतात अनुभव." त्या दिवसापासून अनंतरावांनी कार्यालयात डबा उघडला नव्हता.

*

पेन्शनच्या कागदांवर बाईंचे अंगठे हवे होते, आणि वकिलाच्या पावत्या. कार्यालयानं पत्र पाठवलं, बाई आल्या नाहीत. फोन केला तर सुनेनं उचलला आणि सांगितलं, "आत्या म्हणायल्यात, मी आता त्या कचेरीची पायरी चढणार न्हाई. काय असंल ते हितं घेऊन या." बारा आठवड्यांतले पाच गेले होते. साहेब म्हणाले, "अनंतराव, तुम्हीच जाऊन या. तुमचं नाव आहे लोकांत."

ते एसटीनं फाट्यावर उतरले आणि कालव्याच्या कडेनं चालत गेले. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. घर गावाच्या अलीकडंच होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा सोपा, कडेला कापसाच्या पऱ्हाट्यांची गंज. लक्ष्मीबाई सोप्यात तूर निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला सारून त्या उठल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बोरीकर सायेब, तुमी सोता आलात व्हय. बसा, बसा. शिवकन्ये, च्या टाक गं."

"चहा नको, बाई."

"आता ही काय कचेरी न्हाई. हितं घ्यावा लागतोय."

सून बाहेर आली. शिवकन्या तिशीची, सडसडीत, शेतातून नुकतीच आलेली, पायाला चिखल तसाच. लक्ष्मीबाई तिला म्हणाल्या, "हे सायेब लय सरळ बग. एवढे हेलपाटे झाले, पण ह्येंनी कवा एक रुपाया मागितला न्हाई."

शिवकन्येनं अनंतरावांकडं नीट बघितलं. "मागितला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"आगं."

"खोटं काय हाय त्यात, आत्या? पैशे मागितले असते तर दोन दिले असते, पाच दिले असते. काम झालं असतं. हे म्हणायलेत कागद आणा. कागद आमी कुठून आणावा?" आणि ती आत गेली.

अनंतरावांनी पिशवीतून फॉर्म काढले आणि विचारलं, "वकिलांच्या पावत्या आहेत का? फीचा खर्च मिळणार आहे तुम्हाला."

लक्ष्मीबाईंनी आतून खताच्या पिशवीत गुंडाळलेलं पुडकं आणलं. वकिलांनी पावत्या दिल्या होत्या, हिशेबी माणूस असावा. पहिली पाच हजारांची, एकोणीस सालच्या फेब्रुवारीची. तिसरी तीन हजारांची, वीस सालातली. मधली दहा हजारांची होती. तारीख होती एकोणीस सालच्या नोव्हेंबरातली.

"हे दहा हजार एकदम दिलेत?"

"मुकादमाकडनं उचल घेतली की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पयले पाच शेरडं इकून दिले. मंग वकील म्हणले, औरंगाबादला बेंचीपुढं जायचं, खर्च हाय. त्येंचं बी खरं. माझा ल्योक भारत तवा पुण्याला कंपनीत लागलेला, त्येचं त्येलाच पुरंना. मंग मी आन् ही, आमी दोघींनी कोयता केला. मुकादम न्हाईच म्हणायला. दोन बायांचा कोयता कुठं असतोय, नवरा-बायकोची जोडी पाहिजे म्हणला. लय इनवण्या केल्यावर अर्धी उचल दिली. गेलो कर्नाटकात."

"ऊस तोडायला? या वयात?"

"तवा बावन्नची हुते. मालक असताना कदी गेले न्हाई. त्येंची नोकरी हुती ना, सरकारी." हे सांगताना त्यांच्या आवाजात जरा अभिमान आला. "मंग गेले."

शिवकन्येनं चहा आणून ठेवला. कपाला बशी होती, ती घरात एकच असावी. अनंतरावांनी कप उचलला. नोव्हेंबर एकोणीस. दुसऱ्या दत्तरावाची फाईल त्यांनी उघडली ती त्या वर्षी दसऱ्याच्या अगोदर, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी. कार्यालयात आपट्याची पानं येऊन पडली होती. तारीख त्यांना पाठ होती.

त्यांनी चहाचा घोट घेतला, कप ठेवला आणि शाईचा पॅड काढला. "अंगठा द्या, बाई. डावा."

लक्ष्मीबाईंनी हात पुढं केला. अनंतरावांनी अंगठा शाईवर टेकवला, कागदावर दाबला आणि उचलला. ठसा अर्धाच उमटला होता. वरून आडवी पांढरी रेघ गेली होती आणि रेघेच्या पलीकडं काहीच नव्हतं.

"नीट उमटत न्हाई त्यो," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कोयता लागलाय. धुकं हुतं, हाताला थंडी, ऊस समजून अंगठ्यावरच मारला. कारखान्याच्या दवाखान्यात टाकं घातले. वरचा शेंडा गेलाच." त्यांनी अंगठा वर धरून दाखवला, जसं एखादं जुनं भांडं दाखवावं. "चालंल ना? का आता आंगठ्याला बी पुरावा लागतोय?"

त्या हसत म्हणाल्या. त्यात टोचणी नव्हती.

सोबत आणलेल्या फायलीत अठरा सालचा त्यांचा अर्ज होता. त्यावरचा अंगठा पूर्ण होता, गोल, एकेक रेघ मोजता येईल असा. नियमानं दोन ठशांत फरक आढळल्यास खुलासा घ्यायला हवा. अनंतराव तो अर्ज बघत राहिले. बाहेर कालव्याच्या पाण्याचा आवाज येत होता.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या मालकांचा तो कागद. तो मला आधीच सापडला होता."

"आदी म्हंजे?"

"कोर्टानं शोधायला सांगितलं त्याच्या आधी. एकोणीस साली. दसऱ्याच्या अगोदर."

लक्ष्मीबाईंना लगेच कळलं नाही. त्या सुनेकडं वळल्या. "आपुन कवा गेल्तो गं?"

शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "दिवाळी झाल्यावर," ती म्हणाली. "दसरा हितं झाला. तुमी मालकाच्या फोटूला सोनं वाहिलं आन् मंग महिन्याभरानं गेलो."

"म्हंजे कागद तवा ह्येंच्यापाशी हुता."

"हो," अनंतराव म्हणाले.

"मंग कामून न्हाई दिला?"

या प्रश्नाचं उत्तर अनंतरावांनी पाच वर्षं तयार करून ठेवलं होतं. साहेबांनी शपथेवर सही केली होती, कागद काढला असता तर साहेब अडकले असते, कार्यालयाची नाचक्की झाली असती. सगळं मुद्देसूद होतं. ते सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातलं काहीच आलं नाही.

"भ्यालो," ते म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी पावत्या एकावर एक ठेवल्या, मग लक्षात आलं की त्या द्यायच्या आहेत, म्हणून त्यांच्यापुढं सरकवल्या. त्यांची नजर अनंतरावांच्या हातांवर होती. चेहऱ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"आजून कुठं आंगठा लागतोय का?"

"नाही. झालं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि सूप पुढं ओढून तूर निवडायला लागल्या.

शिवकन्या पुढं आली. कपात अर्धा चहा होता. तिनं कप उचलला, बशी उचलली आणि आत गेली.

*

घरी आल्यावर त्यांनी सुमंगलाबाईंना सांगितलं. तीस वर्षांच्या संसारात कार्यालयातली गोष्ट त्यांनी घरी कधी आणली नव्हती. सुमंगलाबाई ऐकत होत्या, हातातली पोळी लाटायची थांबली होती.

"आणि आता?"

"टिपणी बदलतो."

"बन्सीधररावांना काय फरक पडणार आहे? ते वर गेले."

"म्हणून तर."

सुमंगलाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. बराच वेळ त्या पाठमोऱ्याच बोलत होत्या. "तुम्हाला माहितीये ना लोक काय म्हणतील? पगारातून वसुली लागली म्हटलं की कुणी चूक म्हणत नाही. खाल्ले असतील म्हणतात. मी इतकी वर्षं सगळ्यांना काय सांगत आले?"

"सांगू नको म्हटलं होतं मी."

"कधी म्हटलं होतं? आत जाऊन ऐकत बसायचात."

पोळी करपल्याचा वास आला. ती सुमंगलाबाईंनी बाजूला काढून ठेवली आणि दुसरी टाकली. जेवताना करपलेली पोळी अनंतरावांनी आपल्या ताटात घेतली. सुमंगलाबाईंनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी टिपणी साहेबांसमोर फाडली आणि नवी ठेवली. ती अर्ध्या पानाची होती. प्रतिज्ञापत्र माझ्या टेबलावर प्राप्त झाले. चुकीच्या नस्तीत मी लावले. न्यायालयातील उत्तराचा मसुदा मी तयार केला. त्यानंतर दिनांक अमुक रोजी सदर कागद मला मिळाला. मी वरिष्ठांना कळविले नाही. सबब, जबाबदारी माझी आहे.

वैद्य साहेबांनी दोनदा वाचली. "अनंतराव, पहिल्या दोन ओळी ठीक आहेत. निष्काळजीपणा म्हणून सुटाल. पण हे शेवटचं कशाला? सापडूनही दिला नाही, हे तुमच्याशिवाय कुणाला माहितीये?"

"बाईंना माहितीये."

"तुम्ही सांगितलंत?" साहेब खुर्चीत मागं रेलले. थोड्या वेळानं म्हणाले, "विभागीय चौकशी लागेल. ग्रॅच्युइटी अडकेल. पेन्शन तात्पुरती, तीसुद्धा कधी सुरू होईल सांगता येत नाही. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"हो, साहेब."

"काल मला विचारायचं तरी."

"काल विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात," अनंतराव म्हणाले. "आणि मी ऐकलं असतं."

साहेबांनी सही केली. त्यानंतर ते अनंतरावांशी नीटच वागले, फक्त नवा लिपिक आला तेव्हा त्याला शिकायला दुसऱ्या टेबलावर बसवलं.

वसुली तीन हप्त्यांत लागली, महिन्याला सहा हजार. पगारबिल अनंतरावच तयार करायचे. पहिल्या महिन्यात त्यांनी तक्ता लिहून संगणकावर बसणाऱ्या राणीकडं दिला. राणी दोन वर्षांपूर्वी अनुकंपा तत्त्वावर लागलेली मुलगी. त्यांच्याच हाताखाली शिकलेली, त्यांना काका म्हणायची. ती तक्ता बघत थांबली.

"काका, हे तुमच्या नावापुढचे सहा हजार. कोणत्या रकान्यात टाकू?"

"इतर वसुली."

"कारण लिहावं लागतंय."

"न्यायालयीन खर्च."

तिनं टाकलं. बटणांचा आवाज थांबल्यावरही तिनं मान वर केली नाही. मागच्या टेबलावर कुणीतरी कुणाला तरी हळू आवाजात म्हणालं, "शेवटी शेवटी हात मारला वाटतं," आणि दुसऱ्यानं, "ऐकतील ना," म्हटलं. अनंतरावांना वाटलं होतं, आपण खरं लिहून दिलं की जरा मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आधी एका कागदाची लाज होती, आता ती सगळीकडं झाली. पानाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, जावयाच्या फोनवर. फक्त एक झालं. डबा ते उघडू लागले.

वसुली संपली, उरलेले महिनेही भरले आणि एकतीस तारखेला ते रिटायर झाले. शाल आणि नारळ दिला. भाषण साहेबांनी थोडक्यात आटोपलं. 'प्रामाणिक' हा शब्द अशा भाषणात असतोच. साहेब त्या जागी आले, क्षणभर अडखळले आणि 'मेहनती' म्हणाले.

*

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी अनंतराव सोनपेठला मेव्हण्याकडं निघाले होते. पाथरीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होते, तेव्हा बाकावर बसलेल्या बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. लक्ष्मीबाई होत्या. पायाशी बाजाराची पिशवी, त्यात नवी चादर. अनंतराव मान वळवून निघून जाऊ शकले असते. त्यांनी हात जोडले.

लक्ष्मीबाईंनी हात जोडले नाहीत, मान हलवली.

"पैशे आले," त्या म्हणाल्या. "पेन्शनीचे बी आले आन् वकिलाच्या फीचे बी. अठरा."

"बरं झालं."

"शिवकन्या म्हणायली, ते अठरा तुमी तुमच्या पगारातून दिले. खरं हाय का?"

"दिले नाहीत," अनंतराव म्हणाले. "कापून घेतले."

लक्ष्मीबाईंनी त्यावर विचार केला. "आसं," त्या म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तुमची पेन्शन चालू झाली का?"

"नाही अजून. चौकशी चालू आहे."

"व्हईल," त्या म्हणाल्या. "कागद असले की व्हतंय."

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. अनंतरावांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

सोनपेठची गाडी लागली. लोकांनी खिडकीतून टॉवेल, पिशव्या टाकून जागा धरल्या. अनंतराव सगळ्यांच्या शेवटी चढले. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा कंडक्टरनं त्यांना सोनपेठचं तिकीट दिलं. लक्ष्मीबाई तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती.

"काका, उभे कशाला? ती बगा पुढं जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

"राहू द्या," अनंतराव म्हणाले. "उतरायचंच आहे मला."

कंडक्टरनं त्यांच्या हातातल्या तिकिटाकडं बघितलं आणि तो पुढं गेला. अनंतराव वरची दांडी धरून उभे राहिले. फाट्यावर गाडी थांबली, लक्ष्मीबाई पिशवी सांभाळत उतरल्या, दार लागलं आणि घंटी वाजली. खिडकीजवळची दोन माणसांची जागा आता मोकळी झाली होती. अनंतराव सोनपेठ येईपर्यंत तसेच उभे होते.